पिंट्याचे कान

आमच्या घरात अभद्र बोलायला बंदी आहे. ही बंदी माझी नव्हे, आमच्या ह्यांची. नाव सांगून टाकते, म्हणजे पुढे घोळ नको. चंद्रप्रकाश. मालाडला आमची चाळ पाडून टॉवर झाला, लिफ्ट आली, गेटवर वॉचमन आला, पण वास्तू तथास्तु म्हणते हा ह्यांचा विश्वास चाळीतल्या भांड्याकुंड्यांबरोबर नवव्या मजल्यावर चढला. मी एकदा विचारलं, "नवव्या मजल्यावर वास्तू बसते तरी कुठे? आठव्यावाल्यांच्या पंख्यावर?" त्या दिवशी हे जेवले, पण माझ्याशी बोलले नाहीत.

ह्यांचं गाव मालवणच्या पलीकडे. तिथे तिन्हीसांजेला सापाला साप म्हणत नाहीत, जनावर म्हणतात. घराबाहेर पडताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. ह्यांचे वडील गिरणीत होते, ते पाळी संपवून येईपर्यंत घरात कुणी यंत्राचं नाव काढत नसे. अशा घराण्यातल्या माणसाशी विम्याबद्दल बोलायचं म्हणजे काय, तुम्हीच बघा. विमा म्हणजे पुढे काय काय वाईट होऊ शकतं ते एकेक करून वाचायचं, आणि खाली सही करायची.

मला दोन काळज्या होत्या. पिंट्याला काही झालं तर काय करायचं, ही एक. ह्यांना काही झालं तर मी काय करायचं, ही दुसरी. पहिलीवर हे बोलू देत नसत आणि दुसरी काढायला माझीच जीभ रेटत नसे. मी तशी तोंडाळ आहे, चाळीत नळावर माझ्या वाटेला कुणी जायचं नाही, पण ह्या एका बाबतीत माझं मांजर व्हायचं. आमचे थोरले दीर एका सकाळी चहाचा कप हातात असतानाच गेले. कुठल्या बँकेत काय आहे, खोलीचे कागद कुणाकडे आहेत, जाऊबाईंना काही ठाऊक नव्हतं. वर्षभर त्या ह्या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरल्या. माणूस गेल्याचं रडायलाही त्यांना नीट सवड मिळाली नाही. ते सगळं मी जवळून पाहिलं होतं. ह्यांच्या छातीत एक स्टेंट आहे, आणि मला ते सगळं पुन्हा, माझ्या बाबतीत बघायचं नव्हतं.

पिंट्या म्हणजे आमचा कुत्रा. जात ग्रेट डेन. आमची मुलगी श्रुतिका लग्नाआधी त्याला ओढणीत गुंडाळून घेऊन आली तेव्हा तो घुशीएवढा होता, म्हणून ह्यांनी नाव ठेवलं पिंट्या. वर्षभरात पिंट्या दिवाणाएवढा झाला. नाव तेच राहिलं. श्रुतिका लग्न होऊन मुलुंडला गेली, तिथे दोन खोल्या आणि सासूबाईंना दमा, तेव्हा पिंट्या आमच्या गळ्यात पडला. तो लिफ्टमध्ये शिरला की बाकीची माणसं 'आम्ही येतो मागून' म्हणतात. स्वभावाने मात्र गरीब. कुकरची शिट्टी झाली की ह्यांच्या मागे लपतो. ह्यांच्या मागे त्याचं अर्धं अंगसुद्धा मावत नाही, पण तो लपतो आणि हे त्याला पाठीशी घालतात.

त्याची डॉक्टर म्हणजे नेत्रा. खारदांड्याची कोळ्याची मुलगी, दवाखाना आमच्या मालाडमध्येच. बोलणं रोखठोक. पिंट्या दोन वर्षांचा झाला तेव्हा तिने आम्हा दोघांना समोर बसवलं.

"काका, काकी, एक गोष्ट आताच ऐकून घ्या. मोठ्या कुत्र्याचं सगळंच मोठं असतं. औषध किलोवर, भूल किलोवर. पॉमेरियन आजारी पडला तर माणूस पाकीट काढतो, हा पडला तर एफडी मोडायला लागते. आणि हे जगतात पण कमी. आठ वर्षं, नऊ वर्षं. म्हणून विमा काढायचा तर आता काढा, तरुण आहे तोवर. मोठ्या जातीला वयाची अट लवकर लागते. काढल्या काढल्या लागू होत नाही, काही दिवस थांबायला लागतं. आधीचं दुखणं त्यात धरत नाहीत. आणि बहुतेक वेळा आधी आपण भरायचे, मग ते परत देतात. तेव्हा विमा असला तरी थोडे पैसे बाजूला पाहिजेतच."

मी मान डोलावत होते. हे भिंतीवरच्या मांजराच्या चित्राकडे बघत होते.

"ह्या जातीत आणखी एक असतं," नेत्रा पुढे म्हणाली. "छाती खोल असते ना, भरपेट जेवला आणि उड्या मारल्या की पोट फुगतं, कधी कधी पोटाला पीळ पडतो. मग तासातासाचा खेळ…"

एवढ्यात ह्यांनी काय केलं, तर खाली वाकले आणि आपले दोन्ही तळवे पिंट्याच्या कानांवर ठेवले.

"त्याच्यासमोर नको," हे म्हणाले.

पिंट्याला वाटलं लाड चाललेत. त्याने डोळे मिटले. मला हसू आलं आणि लगेच रागही आला. कुत्र्याचे कान झाकून दुखणं टळत असतं तर आमच्या जाऊबाईंनी भाऊजींचे कान शिवून टाकले असते.

त्या दिवसापासून ही रीतच पडली. मी विमा म्हटलं की हे पिंट्याला हाक मारायचे आणि त्याचे कान धरून बसायचे. मी बोलायची, पिंट्या सुखाने घोरायचा, आणि ह्यांच्या चेहऱ्यावर असा भाव, की बघ, तुझं कुणी ऐकत नाही.

एकदा मी नेटाने वाद घातला. श्रुतिकाने फोनवर दोन-तीन पॉलिसी पाठवल्या होत्या, मी चष्मा लावून त्या वाचल्या होत्या, ह्यांना कळेल असं सांगितलं. ह्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आपण देवाक नवस बोलतो. देव आधी पैसे मागता? काम झाला की मग फेडायचा. हो तुझो विमेवालो आधी पैसे घेता, आणि काय झाला नाय तर परतसुद्धा देत नाय. म्हणजे त्याचे पैसे वसूल करूक माझ्या पिंट्यान आजारी पडाचा. असलो धंदो माका नको."

वर वर ऐकलं तर यात चूक काढता येत नाही, म्हणूनच मी भडकले. "मग मंडळाचं काय?" मी विचारलं. आमच्या गावच्या मुंबईतल्या माणसांचं ग्रामस्थ मंडळ आहे. कुणाकडे मयत झालं तर लगेच खर्चाला पैसे हाताशी असावेत म्हणून घरटी वर्गणी असते. हे लग्न झाल्यापासून ती भरतात. एक महिना चुकलेला नाही. "तो मयतीचा फंड कसा भरता? तेव्हा वास्तू झोपलेली असते?"

हे शांतपणे म्हणाले, "तो दुसऱ्यासाठी भरतंय. आपल्यासाठी थोडोच भरतंय?"

ह्या माणसाला खरंच असं वाटत होतं. जे सगळ्यांकडे होतं ते आपल्याकडे होईल हे त्याने कधी धरलंच नव्हतं. मला राग यायला हवा होता, पण त्या वेळी मला त्यांची कीव आली, आणि थोडा हेवाही वाटला.

नाही म्हणायला एक तडजोड झाली. विम्याच्या हप्त्याला जेवढे गेले असते तेवढे दरमहा बँकेत वेगळे टाकायचे. पण ते पिंट्याच्या आजारपणाचे म्हणायचे नाहीत. मग कशाचे म्हणायचे? हे म्हणाले, फ्रिजचे. आमचा फ्रिज चांगला होता, तरी आमच्या घरात 'फ्रिजचे पैसे टाकलेस काय?' अशी चौकशी होऊ लागली. श्रुतिकाच्या सासूबाईंनी एकदा विचारलं, केवढा फ्रिज घेताय? मी म्हटलं, दिवाणाएवढा.

असं आज-उद्या करता करता विम्याचं वय उलटून गेलं. नेत्राने सांगितलं, काकी, आता नवीन पॉलिसी मिळणं कठीण. हे मनातून खूश झाले. सुंठीवाचून खोकला गेला. तिने आणखी एक सुचवलं होतं, की पोटाला पीळ पडू नये म्हणून आधीच पोट आतून टाके घालून बांधून टाकता येतं. त्यावर हे म्हणाले, धडधाकट जीवाचं पोट फाडायचं? आणि कान झाकले.

आता सर्वपित्री अमावास्येचं सांगते.

आम्ही कोकणातली माणसं पितृपक्षात म्हाळ, म्हणजे पितरांचं जेवण, घालतो. वडे, काळ्या वाटाण्याची आमटी, खीर, भेंडी, भोपळा, भात. आधी पानं काढायची ती कावळ्याची, गाईची आणि कुत्र्याची, मग घरच्यांनी जेवायचं. चाळीत होतो तेव्हा ह्यात काही अडत नसे. कौलावर कावळे, गल्लीत कुत्रे, आणि देवळाबाहेर गाय घेऊन बसणारी बाई. टॉवर झाला आणि पंचाईत झाली. कावळा अजून एसीच्या डब्यावर येतो. गाईसाठी देवळापर्यंत जाता येतं. पण गेटच्या आत कुत्रं येऊ द्यायचं नाही असा सोसायटीचा ठराव, आणि बाहेर रस्त्यावर पान ठेवलं तर दुकानदार ओरडतो. बिल्डिंगमध्ये कुत्रा एकच, आमचा.

आधीच्या वर्षांत चौथ्या मजल्यावरची माधुरी आणि आणखी एखादी, घासभर घेऊन यायच्या. मी दारातच अडवायची. त्यातला एक वडा तोडून पिंट्याला द्यायची आणि बाकीचं झाकून ठेवायची. पितरांना पोचलं, विषय संपला.

त्या वर्षी सर्वपित्रीला श्रुतिकाच्या सासरी म्हाळ होता आणि मला मुलुंडला बोलावलं होतं. निघताना मी ह्यांना बजावलं, "कुणी पान आणलं तर एक घास द्या. त्याचं जेवण मी सकाळीच घातलंय." हे 'हो हो' म्हणाले. ह्यांचं 'हो हो' म्हणजे कानावर पडलं एवढंच.

दुपारी मुलुंडला पंगत उठली आणि ह्यांचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. "अगो, आज पिंट्याचो मान बघूक होयो होतो. माधुरी पान घेऊन इली. तिका बघून पाचव्यावाल्यांनी बोलावल्यांनी. मगे म्हटलंय, सगळ्यांनी नवव्यार कित्याक चढाचा, मीच त्याका घेऊन जातंय. खालपासून वरपर्यंत सगळ्या दारांत जाऊन इलो. सगळ्यांनी हात जोडले त्याका."

"किती खाल्लं त्याने?" मी विचारलं.

"मोजतत काय? पितरांचा पान ता. सगळ्या बिल्डिंगीचे पितर जेवले त्याच्या तोंडान. सगळ्यांचे आशीर्वाद. आता आणि कसलो विमो होयो तुका?"

माझ्या हातातली खिरीची वाटी मी खाली ठेवली. "आता काय करतोय तो?"

"फेऱ्या मारता," हे म्हणाले. "ओकारी काढल्यासारखा करता, पण काय पडत नाय. पचात."

ते लक्षण नेत्राने मला मागे एकटीला सांगितलं होतं. ओकायला बघतो आणि काही पडत नाही, तेव्हा घड्याळ बघायचं नाही, निघायचं. मी ह्यांना सांगितलं, पोटाला हात लावून बघा. मग हे हळू म्हणाले, "मृदंगासारखा लागता गो."

मी नेत्राला फोन केला. तिने तिच्या दवाखान्यात आणूच नका म्हणून सांगितलं, अंधेरीला जिथे मोठी ऑपरेशनं होतात तिथे ती स्वतः पोचली. ह्यांनी आणि वॉचमनने मिळून पिंट्याला चादरीत घालून टेम्पोत चढवलं. मी आणि श्रुतिका मुलुंडहून रिक्षाने निघालो. रस्ताभर मी काय पुटपुटत होते ते मला आठवत नाही. श्रुतिका म्हणते, मी ह्यांना शिव्या घालत होते. असेल.

आम्ही पोचलो तेव्हा पिंट्या स्टीलच्या लांब टेबलावर आडवा होता. तोंडातून लाळ, पोट एका बाजूने वर आलेलं, डोळे मात्र ह्यांच्यावर. हे त्याच्या डोक्याशी उभे. सदऱ्यावर खिरीचा डाग. माझ्याकडे बघितलं नाही.

नेत्राने एक्स-रे काढून घेतला होता. "काका, पोटाला पीळ पडलाय. आत्ता उघडायला लागेल. खर्च मोठा आहे, काकींना मी फोनवर अंदाज दिलाय." फ्रिजच्या पैशांत निम्मं भागत होतं, उरलेल्यासाठी श्रुतिकाने कार्ड पुढे केलं. तो प्रश्न तिथे तेवढ्यावर मिटला. मला वाटलं होतं अडलं तर पैशांवर अडेल. अडलं भलत्याच ठिकाणी.

"आणखी एक विचारायला लागेल," नेत्रा म्हणाली. "पोट उघडल्यावर कळेल आत काय आहे. थोडं काळं पडलं असेल तर तेवढं कापून शिवता येतं. पण सगळंच गेलं असेल तर शिवून उपयोग नाही, तो फक्त तळमळत जाईल. तसं असलं तर भुलीतून उठवू, की झोपेतच सोडू? हे मला आता पाहिजे. आत गेल्यावर बाहेर येऊन विचारायला वेळ नसतो."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. "हिका विचारा," म्हणाले.

आता खरं सांगते, माझ्या ओठावर उत्तर तयार होतं. मी आयुष्यभर ह्यांच्या वाटचं वाईट बोलत आले. दुकानदाराशी भांडायचं मी, कुणाच्या घरी मयताची बातमी सांगायची मी, ह्यांच्या स्टेंटच्या वेळी सहीसुद्धा मी केली. हे नुसते चांगलं बोलून चांगले राहिले. पण त्या टेबलाशी मला वाटलं, हे एक मी करणार नाही. राग म्हणा. पण नुसता राग नव्हता. मी गेले तर ह्यांच्या वाटचं बोलायला कोण आहे, असं मनात आलं.

"तुम्ही सांगा," मी म्हटलं. "तो तुमच्याकडे बघतोय."

नेत्रा हातमोजे चढवत होती. तिने घाई केली नाही, पण थांबलीही नाही. श्रुतिका म्हणाली, "बाबा, बोला ना." मग हे वाकले. पिंट्याचे दोन्ही कान तळव्यांखाली धरले, नेहमीसारखे. आणि बोलले.

"सगळा गेला असला तर उठवू नको त्याका. निजूक दी."

एवढंच. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, ह्या माणसाच्या तोंडून मी असं वाक्य कधी ऐकलं नव्हतं. पिंट्याने शेपटी एकदा टेबलावर आपटली. त्याच्या लेखी कान धरणं म्हणजे लाड.

त्याला आत नेलं. आम्ही तिघं बाकावर बसलो. मग हे समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले, "मी सगळ्यांका सांगित होतंय, पोटभर घाला. एकान सुद्धा नाय म्हटल्यान नाय." चूक तुमची नाही असं म्हणण्यासारखं नव्हतं, आणि तुमची आहे असं म्हणायची ती वेळ नव्हती. मी त्यांच्या सदऱ्यावरचा डाग पदराने पुसत बसले. तो गेला नाही.

दिवेलागणीला नेत्रा बाहेर आली. टोपी काढली आणि आधी पाण्याची बाटली तोंडाला लावली. मग म्हणाली, "आहे. थोडा भाग काढायला लागला. पीळ सोडवला आणि पोट आतून टाके घालून बांधून टाकलंय, परत फिरणार नाही. पुढचे दोन-तीन दिवस अजून नाजूक आहेत."

ह्यांनी तिला हात जोडले. ती दमली होती, म्हणून असेल, जरा रागावूनच बोलली. "काका, हेच टाके मी तुम्हाला आधी घालू या बोलले होते. माझा बापूस अजून समुद्रात जातो. नारळी पुनवेला दर्याला नारळ देतो, हात जोडतो, सगळं करतो. आणि बोटीचा विमा पण भरतो. दर्याला कधी राग आला नाही त्याचा."

ते वाक्य ऐकताना ह्यांनी नजर खाली घातली नाही, एवढं मी पाहिलं.

पिंट्या घरी आला तेव्हा गळ्यात प्लास्टिकचा पसरट शंकू, पोटावर टाक्यांची रांग, आणि उभं राहिलं की पाय लटपटत. बिल्डिंगमधली माणसं बघायला यायची. सगळ्यांच्या चेहऱ्यावर अपराध. पितरांच्या नावाने घातलेला घास असा बाधला म्हणजे आपल्याकडचेच कुणी नाराज आहेत की काय, ही प्रत्येकाच्या मनातली भीती. माधुरी तर दारातच रडायला लागली. "काका, आमच्या वड्यांनी झालं बहुतेक."

"वडे तुमचे होते," हे म्हणाले, "पण हात माझो होतो. बस. चाय घे."

मला वाटलं होतं, आता हे बदलतील. मग मीच मनात म्हटलं, वनमाला, तू पण कसली आशा धरतेस. दसरा गेला, दिवाळी आली. हे पिंट्याला दिवसातून तीनदा थोडं थोडं भरवायचे, जेवल्यावर त्याला हलू द्यायचे नाहीत, शेजारी बसून राहायचे. 'फ्रिजचे पैसे' आता ते स्वतः बँकेत टाकायला लागले होते. नाव मात्र फ्रिजचेच. मंडळाची वर्गणीही नेमाने. माझी दुसरी काळजी होती तिथेच होती.

भाऊबीज उलटून गेल्यावरची गोष्ट. मी जमिनीवर बसून पावटे सोलत होते. पिंट्या खिडकीपाशी उन्हात पसरला होता. टाके निघाले होते, पोटावर कोवळी लव उगवत होती. हे मंडळाच्या सभेहून आले, चप्पल काढली, आणि कपडेही न बदलता पिंट्याजवळ जाऊन मांडी घालून बसले. आमच्याच वयाचा एक गाववाला गेला होता, सभेत त्याच्या घरी मयताची रक्कम पोचवायचं ठरलं होतं, एवढं त्यांनी सांगितलं. मग बराच वेळ पिंट्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

"मी ती वर्गणी दुसऱ्यांसाठी भरतंय म्हणून सांगी ना तुका," म्हणाले.

"हं," मी म्हटलं.

"तो पण माझ्यासारखोच भरी. दुसऱ्यांसाठी."

मी पावटे सोलायचं थांबले. ह्यांनी पिंट्याचं डोकं उचलून मांडीवर घेतलं. दोन्ही तळवे त्याच्या कानांवर ठेवले, नीट, कडेने बोटं मिटून. पिंट्याने सवयीने डोळे मिटले.

"आयक गो," हे म्हणाले. "मी गेल्यावर माका गावाक नेव नको. इतक्या लांब गाडीत तुका बसूचा लागात, तुझे गुडघे सूजतत. हंयच करा. घराचे कागद गोदरेजच्या कपाटात, वरच्या खणात, माझ्या आईच्या लुगड्याखाली आसत. बँकेत तुझा नाव घालून घेतलंय, काल. स्टेंटच्या टायमाक घालूचा होता, माझी जीभ नाय वळली. आणि मुलुंडाक जाऊन रवू नको असा माझा म्हणणा नाय, पण पिंट्या आसा तवसर हंयच रव. त्याका माझी जागा ठाऊक आसा."

हे एकेक सांगत गेले. आवाज साधा होता, दूधवाल्याचा हिशोब सांगावा तसा. ह्याच बोलण्याची मी वर्षानुवर्षं वाट पाहिली होती. जाऊबाईंच्या मागे खिडक्या-खिडक्यांवर फिरताना मी देवाला म्हटलं होतं, माझ्या माणसाला एकदा तरी एवढं बोलायची बुद्धी दे.

आता तो बोलत होता, सगळं, एकही गोष्ट न विसरता. पिंट्या त्याच्या तळव्यांखाली शांत झोपला होता. आणि माझे दोन्ही हात पावट्यांच्या सालींनी भरलेले होते, माझे कान झाकायला कुणीच नव्हतं.